हात पुढं, उजेड मागं

रंकाळ्याच्या कट्ट्यावर वाद पेटला तो वीतभर अंतरावरनं. आम्ही भिंतीवर एक खेळ मांडतोय: माणूस हात फिरवतो, कॅमेरा तो टिपतो, प्रोजेक्टरचा ठिपका हातामागं धावतो, पण गाठत नाही.

बापूनं हिशेब मांडला. "कॅमेरा, संगणक, प्रोजेक्टर मिळून १२० मिलिसेकंद खातात. हात सेकंदाला दीड मीटर गेला तर ठिपका १८ सेंटिमीटर मागं. मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमनं शूट करा. हात थांबल्यापासनं ठिपका थांबेपर्यंत २९ फ्रेमा भरतील."

"मग अंदाज बांधायचा की," पिंट्या म्हणाला. "वेगाला उशिरानं गुणा, ठिपका पुढं टाका."

"हे गणित तोफेचं हाय, भावा," वैशाली म्हणाली. "दुसऱ्या महायुद्धात गणिती नॉर्बर्ट वीनर तेच सोडवत होता. गोळा वर पोचेपर्यंत विमान कुठं असेल?"

"असंना का!" पिंट्या म्हणाला. "अ‍ॅनिमेशनवाल्या जॉन व्हिटनीनं लष्करानं मोडीत काढलेलं एम-५ घेतलं, विमानविरोधी तोफेचं गणकयंत्र, आणि त्यावर चित्रं हलवली. यंत्र तेच, काम बदललं."

"काम बदललं, पण गृहीत धरलेलं तेच राहिलं. माणूस आहे त्याच वेगानं पुढं जाणार. खासबागेत पैलवान हूल देतो, तिथं हा अंदाज टिकंल का?"

नाही टिकत. हात झटकन थांबला की ठिपका १८ सेंटिमीटर पुढं घसरतो आणि मग माघारी येतो. थरथर तर आणखी वाईट. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. त्याच्या लागोपाठच्या दोन फ्रेमांत, म्हणजे ३३ मिलिसेकंदांत, दोन पिक्सेलची चूक झाली, तर ती १२० मिलिसेकंदांवर ताणून सात पिक्सेलची होते. चार फ्रेमांची सरासरी घेतली तर थरथर दबते, पण उशीर वाढतो. म्हाताऱ्या माणसाचा हात कापतो, ठिपका त्याहून जास्त कापतो. ज्याची चाल गणितात बसते त्याला यंत्र लगेच साथ देतं. बाकीच्यांनी यंत्राच्या वेळेला जुळवून घ्यायचं. सत्ता म्हणायची ती हीच, आणि इथं मला वैशालीचंच पटतं.

बापूचं म्हणणं, आधी मूळ उशीर कापा. प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ लावा, कीस्टोन (तिरपं चित्र सरळ करणारी सोय) बंद, गेम मोड (उशीर कमी करणारा) चालू. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, म्हणजे उजेड घेण्याचा वेळ, हातानं बांधा, नाहीतर अंधारात कॅमेरा शटर लांबवून ३० चे १५ फ्रेम करतो. अंदाज ४० मिलिसेकंदांच्या वर न्यायचाच नाही.

"आणि तो ४० चा आकडा आपण का ठरवायचा?" वैशालीनं विचारलं. "शून्य ते १२० चा नॉब भिंतीशेजारी लावा. बघणारा फिरवंल."

पिंट्या थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अडीच फूट उंचीवर लावू. पोरांचा हात पोचला पायजे."