रविवारचं एरंडेल

गेल्या आठवड्यात माझ्या मेडिकलमधल्या एरंडेलाच्या सगळ्या बाटल्या दोन दिवसांत संपल्या. एरवी महिन्याला चार-पाच जातात. तिसऱ्या गिऱ्हाइकानं मोबाईल पुढं केला तेव्हा कारण कळलं. 'सोलापूरकरांनो, पोट सांभाळा' असा मेसेज गावभर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: आतड्यात पाच ते सात किलो जुना मळ चिकटून बसलेला असतो, म्हणून दर रविवारी चार चमचे एरंडेल घ्या. रोज रात्री पोट साफ करणारं चूर्ण घ्या, आयुर्वेदिक असल्यानं अपाय शून्य. जेवताना पाण्याचा घोट म्हणजे विष. कडक भाकरी आणि शेंगा चटणीनं अल्सर होतो. उन्हाळ्यात पित्तावर आंबट ताक, लिटरभर. आणि शेवटी 'चरक व वाग्भट' अशी आयुर्वेदाच्या दोन जुन्या आचार्यांची जोडसही, दोघांनी मिळून सोलापूरला पत्र धाडल्यासारखी.

मी वैद्य नाही, औषधविक्रेता आहे. पण वडिलांच्या काळी आमच्या दुकानाची निम्मी फळी काष्ठौषधींची होती आणि त्यांची पुस्तकं अजून माळ्यावर आहेत. या निमित्तानं खाली काढली.

आधी पाणी. 'भोजनान्ते विषं वारि', म्हणजे जेवणाच्या शेवटी पाणी विष, हे पालुपद वाग्भटाच्या नावावर खपवलं जातं. त्याच अर्थाचा श्लोक चाणक्यनीतीत आहे, आणि त्यात विषाच्या आधीचे शब्द आहेत 'भोजने चामृतं वारि'. म्हणजे जेवताना पाणी अमृत! मेसेज करणाऱ्यानं अमृत गाळलं आणि विष ठेवलं, तेही शेवटचं उचलून मधे आणून. खुद्द वाग्भट आपल्या अष्टांगहृदय या ग्रंथात म्हणतो की जेवणाच्या आधी पाणी पिणारा कृश होतो, नंतर पिणारा स्थूल होतो आणि मधे पिणारा सम राहतो. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक द्रवाला आणि एक मोकळा ठेवावा, असंही तोच सांगतो. द्रवाला जागा राखणारा माणूस घोटभर पाण्याला विष कशाला म्हणेल? भाकरी घशात अडकली की तांब्या लागतोच.

आता तो सात किलो मळ. दुर्बिणीनं तपासताना डॉक्टर आतडं आतून बघतात. आदल्या दिवशीच्या औषधानं ते साफ झालेलं असतं आणि आतला पडदा गुलाबी, ओला दिसतो. या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. वर्षानुवर्षांचा थर चिकटून बसायला भिंत तरी जुनी हवी ना?

एरंडेलावर मात्र जरा थांबतो, कारण बाटल्या मीच विकल्या. एरंड हे आयुर्वेदातलं मानाचं रेचक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शास्त्रातलं विरेचन, म्हणजे रेचक देऊन पोट साफ करणं, हे रविवारी सकाळी उठून चमचे मोजणं नव्हे. आधी स्नेहन (तूप-तेल देणं), स्वेदन (घाम काढणं). मग माणसाचं बळ आणि कोठा (पोट हलकं की जड) पाहून मात्रा. त्यानंतर पेया (पातळ पेज), विलेपी (दाट पेज) अशा क्रमानं तीन ते सात दिवस जेवण हळूहळू पूर्ववत करायचं. निरोग्यानं ऋतूप्रमाणे करायचं विरेचन शरदात सांगितलंय. म्हणजे वर्षातून एकदा, बावन्न वेळा नाही. आधुनिक भाषेत सांगायचं तर एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल आतड्याला ढोसण्या देतं. गरोदर बाईनं ते घेऊ नये, गर्भाशयही आकुंचन पावू शकतं. पोटात अचानक कळ उठली असेल आणि ते अपेंडिक्स निघालं, तर एरंडेल घातकच. त्या दोन दिवसांत मी प्रत्येकाला 'कशासाठी हवंय' असं विचारलं नाही, ही माझी चूक.

चूर्णाचा प्रकार याहून चोरटा आहे, कारण ते गुण देतं. डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा सोनामुखी सापडेल. त्यातली द्रव्यं मोठ्या आतड्याला चालना देतात. चार दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतलं तर पोटॅशियम घसरतं. आमच्याकडच्या एक मावशी बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घ्यायच्या आणि वर रोज रात्री चमचाभर चूर्ण. दोन्हींनी पोटॅशियम जातं. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला. 'अवं, ते तर झाडपाल्याचं हाय की,' मावशींचं म्हणणं. झाडपाला तर धोत्राही आहे, मावशी.

आणि बद्धकोष्ठ पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालं असेल, शी डांबरासारखी काळी होत असेल, वजन आपोआप उतरत असेल, तर चूर्णही नको आणि माझं दुकानही नको. सरळ डॉक्टर गाठा.

भाकरी-चटणीवरचा आरोप मला सोलापूरकर म्हणूनच लागला. अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या. जिवाणूचा शोध लावणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तिखटानं जळजळ होणाऱ्याची जळजळ वाढते हे खरं, त्यानं चटणी बेतानं खावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीत तंतू भरपूर असतात, ते पोटाला हवेतच. कडक भाकरी आयुर्वेदाच्या भाषेत रूक्ष, म्हणजे कोरडी, म्हणूनच तिच्याशेजारी तेलाची शेंगा चटणी किंवा दही येतं. आज्यांनी ही जोडी जमवताना कुठलीही संहिता उघडली नव्हती.

राहिलं ताक. सुश्रुत सांगतो की वातावर आंबट ताक सैंधव घालून द्यावं, पित्तावर गोड ताक साखर घालून. म्हणजे पित्तवाल्याला आंबट ताक पाजणं नेमकं उलटं. पुढं आणखी एक अडचण आहे: 'नोष्णकाले', उष्ण काळात ताक देऊ नये. मी गडबडलो. पारा ४२-४३ वर असताना सोलापुरात ताक बंद? आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, त्यांच्या ताकात पाणी किती असायचं. मी पाहिलं, भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ताक म्हणजे दह्यात एक चतुर्थांश पाणी. तिनं फ्रिजमधलं आपलं पातेलं दाखवलं. दोन पळ्या दही, बाकी सगळं पाणी, जिरं, कोथिंबीर. 'ह्याला तुझा सुश्रुत ताक म्हणंल का?' एवढंच विचारलं आणि गडवा भरला.