नरक जुना, स्वर्ग नवा

इंग्लंडमध्ये दर सप्टेंबरात 'हेरिटेज ओपन डेज' असतात. १९९४ पासूनची प्रथा. जुन्या वास्तू फुकट बघायला मिळतात, शिवाय माहिती सांगायला हौशी माणसं उभी असतात. आम्ही स्विंडनला राहतो, फेअरफर्ड हे छोटं गाव तिथून जवळच. "चर्चच ना, डोकावू आणि चहा पिऊन परत येऊ," असं म्हणून निघालो आणि दोन तास मान वर करून उभे राहिलो.

सेंट मेरीज चर्च. कॉट्सवोल्ड या टेकड्यांच्या भागातल्या लोकरीच्या धंद्यात गबर झालेल्या जॉन टेमने १४९० च्या दशकात ते नव्याने बांधायला घेतलं. १५०० साली तो वारला, उरलेलं मुलाने पुरं केलं. चित्रांच्या काचांच्या २८ खिडक्या, जवळपास सगळ्या त्याच काळातल्या. इंग्लंडच्या दुसऱ्या कुठल्याच पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावच्या साध्या चर्चमध्ये, एवढा अख्खा संच उरलेला नाही. चर्चमधली चित्रं-मूर्ती नकोशा झालेल्या धर्मसुधारणेच्या धुमाळीत आणि पुढे यादवी युद्धात गावोगावच्या काचा फुटल्या, या वाचल्या. दुसऱ्या महायुद्धात तर उतरवून लपवून ठेवल्या होत्या.

तिथल्या एका आजींनी मला खिडकीच्या अगदी जवळ नेलं. म्हणाल्या, "ते केस बघा." देवदूताचे पिवळेधमक केस. तो पिवळा म्हणजे चांदी! चांदीच्या क्षाराचा लेप काचेच्या मागच्या बाजूला लावून भट्टीत घातला की काच पिवळी होते. म्हणजे पांढऱ्या काचेच्या एकाच तुकड्यावर चेहरा पांढरा आणि केस सोनेरी, दोन रंगांचे तुकडे जोडायला लागते ती शिशाची पट्टी मध्ये नको. मी इंजिनिअर असून हे मला ठाऊक नव्हतं.

पण बोलायचंय ते पश्चिमेच्या मोठ्या खिडकीबद्दल. विषय अंतिम न्याय, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो तो. वर स्वर्ग, खाली देवदूत मायकेल तराजू घेऊन आत्मे तोलतोय, आणि उजवीकडे लालभडक नरक. एक सैतान एका बाईला चक्क ढकलगाडीत घालून नेतोय. नरकात भयंकर मजा आहे. स्वर्ग मात्र कॅलेंडरवरच्या देवांसारखा गुळगुळीत. मला वाटलं, पुण्यवान लोक असतातच कंटाळवाणे. पण कारण वेगळंच निघालं. १७०३ च्या वादळात खिडकीची मोडतोड झाली आणि १८६० च्या दशकात 'दुरुस्ती' करताना वरचा भाग सरळ नवा करून टाकला. नरक अस्सल, स्वर्ग डुप्लिकेट.

मला आमच्या गावचं देऊळ आठवलं. सागवानी खांबांचा सभामंडप पाडून स्लॅब टाकला, खाली चकचकीत फरशी, आणि बाहेर देणगीदारांच्या नावांचा बोर्ड. 'जीर्णोद्धार'. इतकी वर्षं मी समजत होतो की ही खोड फक्त आपलीच, गोरे लोक जुनं जपतात. छे! पैसा आणि उत्साह एकदम हातात आला की माणूस कुठलाही असो, आधी जुनं काढायला धावतो. माझं मत विचाराल तर फुटका, ठिगळं लावलेला जुना स्वर्ग परवडला. तडे दिसले असते, दिसू देत.

आणि हो, चर्चच्या अंगणात टिडल्स नावाच्या मांजरीची दगडी समाधी आहे, १९६३ ते १९८०. चर्चचीच मांजर. घरी आल्यावर लेकीला विचारलं काय काय बघितलंस, तर म्हणाली, "मांजर."