घोरपड काढली तरी तानाजी उरतो

फेब्रुवारी आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो: 'ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आपल्या लहानपणीच्या वीरांचा बट्ट्याबोळ केला. शाळेत शिकलो तोच खरा इतिहास. मुलांना कादंबऱ्यांपासून लांब ठेवा, नाहीतर त्यांच्या मनातला वीर लहान होतो.'

आधी 'शाळेत शिकलो तो' इतिहास बघू. चौथीत आम्ही कोंढाण्याचं नाटक बसवलं होतं. घोरपड म्हणजे चिंध्या कोंबलेला खाकी मोजा. पडदा पडताना सगळा वर्ग ओरडला, 'गड आला पण सिंह गेला!' हे वाक्य घराघरांत नेलं ह. ना. आपट्यांनी, आणि तेही कादंबरीचं नाव म्हणून. १६९७ साली लिहिणाऱ्या सभासदाच्या बखरीत महाराज म्हणतात, 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' सिंह नाहीच. तानाजी पडला म्हणून सिंहगड हे नाव पडलं, तेही खरं नव्हे. लढाई १६७० ची आणि महाराजांच्या १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव आहे. घोरपड आली पोवाड्यातून. म्हणजे कादंबरीने बिघडवू नये म्हणून जो तानाजी जपायचा, तोच निम्मा शाहिराचा आणि कादंबरीकाराचा!

आता वीर लहान होतो का? सभासद सांगतो, दोन मावळे वानरासारखे कडा चढले, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि तिच्यावरून तीनशे माणूस गडावर गेलं. मोगलांचा किल्लेदार उदेभान याच्याशी लढताना तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली. दोघेही ठार झाले. मला तरी हा तानाजी आमच्या मोज्यावाल्या तानाजीपेक्षा मोठा वाटतो. ज्या काळोखात घोरपड चढवायची, त्यात आधी दोन माणसं चढली होती.

एक गोष्ट मात्र त्या मजकुराच्या बाजूने मान्य. आपट्यांच्या कादंबरीतली कमलकुमारी अनेकांनी इतिहास म्हणूनच वाचली. संभाजीराजांचं नुकसान तर याहून मोठं. त्यांच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या चिटणीस बखरीतली बदफैली प्रतिमा नाटकांनी रंगवली. ती पुसायला १९६० मध्ये वा. सी. बेंद्र्यांचा चरित्रग्रंथ यावा लागला. पण त्यानंतर सावरलेले संभाजीराजे घरोघरी पोचवले ते पुन्हा कादंबऱ्यांनीच. आणि मुळात काळं फासलं ते बखरीने, म्हणजे 'जुनं ते खरं' हेही गेलं.

मुलांना लांब ठेवण्याबद्दल काय बोलायचं! परवा भाच्याला सभासदाचा तो उतारा वाचून दाखवला. घोरपड कुठे गेली, हे त्याने विचारलंच नाही. स्वतःचा डावा हात डोक्यावर आडवा धरून म्हणाला, "मामा, हाताला काहीच बांधलं नव्हतं?"