‘३२ बिट म्हणजे ४ जीबीच’ : हे गणित अर्धवट आहे

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘३२ बिट सिस्टिमला ४ जीबीवरची रॅम दिसूच शकत नाही, कारण दोनाचा बत्तिसावा घात तेवढाच. म्हणून ३.२५ जीबी दिसते. ६४ बिट टाका, पत्त्यांचा प्रश्न कायमचा मिटेल.’

घात बरोबर आहे. पण प्रोग्रॅम वापरतो तो पत्ता (मेमरीतल्या जागेचा क्रमांक) आभासी, रॅमचा प्रत्यक्ष पत्ता वेगळा, आणि दोघांची सांगड पेज टेबल नावाचा तक्ता घालतो. दोन्ही पत्ते सारख्याच बिटांचे हवेत असं बंधन नाही. १९९५ च्या पेंटियम प्रो या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पीएई, म्हणजे प्रत्यक्ष पत्ते लांबवायची सोय, आली: प्रत्यक्ष पत्ते ३६ बिटांचे, म्हणजे ६४ जीबी. लिनक्स २.४ तिचा वापर करायचा. विंडोज सर्व्हर २००३ ची एंटरप्राइज आवृत्ती ३२ बिटची असूनही ४ जीबीच्या पलीकडे जायची. विंडोज एक्सपी ४ जीबीवर थांबली ती ड्रायव्हरांपायी (उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम); ४ जीबीवरचा पत्ता आला की काही ड्रायव्हर गडबडत आणि मशीन कोसळे. एका प्रोसेसला ४ जीबीच मिळतात, हे मात्र मान्य.

आता ३.२५. ४ जीबीच्या लगेच खालचे पत्ते ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांसाठी राखलेले असतात. त्यांच्याआड गेलेली रॅम चिपसेटला (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपांना) ४ जीबीच्या वर हलवता येते. लिनक्सचा बूट लॉग उघडा: सुरुवातीलाच ई८२० चा, म्हणजे कुठल्या पत्त्यांवर रॅम आहे ते सांगणारा, नकाशा असतो. हेक्समध्ये एकावर आठ शून्यं या पत्त्यापासून ‘युजेबल’ असं लिहिलेली ओळ दिसली, की ४ जीबीवरची रॅम तिथे आहे. बोर्डाला हे हलवणं जमत नसेल, तर ६४ बिट टाकूनही ती रॅम हाती लागत नाही.

आणि ‘कायमचा मिटेल’? हे मला सगळ्यात खटकतं. ६४ बिट प्रोसेसरवर आभासी पत्ते आधी ४८ बिटांचे होते, म्हणजे २५६ टीबी. मोठ्या सर्व्हरांना तेही अपुरं पडणार म्हणून पेज टेबलाला पाचवा स्तर जोडला, पत्ते ५७ बिटांचे झाले. लिनक्समध्ये ते २०१७ साली ४.१४ पासून आलं. पण बूटलोडरने (सिस्टिम लोड करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) चार स्तरांवर सुरू केलेलं मशीन पाचावर न्यायचं तर पेजिंग, म्हणजे पेज टेबलाने पत्ते जुळवणं, बंद करावं लागतं, आणि ६४ बिट मोड पेजिंगशिवाय चालतच नाही. म्हणजे क्षणभर ३२ बिटात उतरणं आलं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) ४ जीबीच्या वर लोड झाला असेल, तर त्याचा स्वतःचाच पत्ता ३२ बिटांत मावत नाही. म्हणून तो कोडचा एक छोटासा तुकडा आधी पहिल्या १ एमबीत नेऊन ठेवतो आणि तिथे उडी मारतो. मग पेजिंग बंद, पाचवा स्तर सुरू, पेजिंग पुन्हा चालू, आणि उडी परत वर.