कार्ड काढा ना ते!

पुन्हा तेच. तालुक्याचा कोणी लग्नाचे फोटो काढणारा नागपूरहून जुना सर्व्हर उचलून आणतो, त्यावर ट्रूनॅस (फाइली साठवायच्या सर्व्हरची सिस्टिम) टाकून मागतो आणि वर छाती फुगवून सांगतो, "भाऊ, यात तं रेड कार्ड बी हाये!"

अरे बाप्पा, तेच तर दुखणं हाये! रेड (RAID) कार्ड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणारं कार्ड. ट्रूनॅस चालतं झेडएफएस या फाइल सिस्टिमवर, आणि त्याला प्रत्येक डिस्क थेट हाताशी लागते. चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा) जुळला नाही की दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून ते ब्लॉक दुरुस्त करतं. हे कार्ड मात्र दलालासारखं मधात बसून चार डिस्कची एकच करून दाखवतं. मग दुसरी प्रत आणायची कुठून? स्मार्टचे, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचे, आकडेही बरेचदा दिसत नाहीत. डिस्क मरायला टेकलेली, स्क्रीनवर सगळं हिरवंगार.

"मंग एकेका डिस्कचं रेड-० करू." म्हणजे डिस्क वेगवेगळ्या दिसतील, पण कार्ड मधात तसंच!

त्यात आपल्याकडची लाइन. कार्डाची बॅटरी केव्हाची मेलेली, तरी वेग पाहिजे म्हणून राइट-बॅक (डेटा आधी कार्डाच्या कॅशमध्ये, मग डिस्कवर) जबरदस्तीनं चालू. भर दुपारी लाइन गेली की कॅशमधला डेटा गेलाच. कार्डच जळलं, तर त्याच जातीचं दुसरं शोधा वणीच्या बाजारात!

आयटी मोडचं (डिस्क थेट दाखवणारं) फर्मवेअर टाकलेलं जुनं एलएसआय ९२११-८आय कार्ड लावा, विषय संपला. दोन-चार डिस्कच असतील, तर मदरबोर्डचे साटा पोर्ट काय शोभेला आहेत? पण नाही. "एवढं महागाचं कार्ड फेकू काय भाऊ?"