शपिरो असते तर? आधी बेरीज करा

२०२४ ची निवडणूक कधीच आटोपली, पण अमेरिकेतल्या डेमोक्रॅट्सचा एक वाद काही विझत नाही. कमला हॅरिस यांनी रनिंग मेट म्हणजे उपाध्यक्षपदाचे जोडीदार म्हणून मिनेसोटाचे टिम वॉल्झ निवडले आणि तिथंच माशी शिंकली, पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो घेतले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं एक गट छातीठोकपणे सांगतो. दुसऱ्या गटाचं म्हणणं, इस्रायलचे समर्थक मानले जाणारे शपिरो घेतले असते तर गाझावरून चिडलेली मिशिगनमधली मतं आणखी फुटली असती. दोन्हीकडचे लोक इतक्या आवेशाने बोलतात की कुणी आकड्यांकडे बघतच नाही.

तर आधी बेरीज करू. अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निर्वाचकांच्या, म्हणजे इलेक्टोरल मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी मतं मिळतात. हॅरिसना मिळाली २२६ इलेक्टोरल मतं. जिंकायला लागतात २७०. पेनसिल्व्हेनियाची १९. शपिरोंनी ते राज्य एकहाती ओढून आणलं असतं तरी गाडी २४५ वर थांबली असती. त्यांच्याऐवजी ॲरिझोनाचे सिनेटर मार्क केली आणि त्या राज्याची ११ घेतली तर २३७. चमत्कार होऊन दोन्ही राज्यं पदरात पडली असती तरी २५६. पेनसिल्व्हेनियाच्या जोडीला मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० आली असती, तेव्हा कुठे बरोब्बर काठावर २७० होतात. एका गव्हर्नरच्या नावावर तीन राज्यं फिरत नाहीत. शपिरो २०२२ मध्ये जवळजवळ १५ टक्क्यांच्या फरकाने निवडून आले हे खरं आहे. पण ती मतं त्यांची होती, शिवाय समोरचा रिपब्लिकन उमेदवार टोकाच्या भूमिकांचा होता. ती मतं दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग करता येत नाहीत. आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांनी हे राज्य सुमारे १ लाख २० हजार मतांनी घेतलं.

जोडीदार आपलं राज्य घेऊन येतो, ही समजूत फार जुनी आहे आणि ती टिकून आहे ती मुख्यतः एका उदाहरणावर: १९६०, केनेडी आणि लिंडन जॉन्सन. टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी मिळालं, म्हणून जॉन्सन यांची निवड म्हणजे मास्टरस्ट्रोक, असं सगळे मानतात. पण त्या वर्षी केनेडींना मिळाली ३०३, टेक्सासची होती २४ आणि बहुमताचा आकडा होता २६९. टेक्सास गेलं असतं तरी २७९ उरतात. जॉन्सन यांच्यामुळे बाकीच्या दक्षिणेत हात मिळाला असं कुणी म्हटलं तर त्यावर बोलता येईल, पण एकट्या टेक्सासने निवडणूक जिंकून दिली हे गणितात बसत नाही. पुढचा हिशोब तर अजूनच कोरडा आहे. १९८८ मध्ये डुकाकिस यांनी टेक्सासचे बेंट्सन घेतले आणि टेक्सास हरले. २००४ मध्ये केरी यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे एडवर्ड्स घेतले, ते राज्यही गेलं. २०१२ मध्ये रॉम्नींना पॉल रायन यांचं विस्कॉन्सिन मिळालं नाही. (गंमत म्हणजे बेंट्सन त्याच दिवशी टेक्सासमधून सिनेटवर आणि रायन विस्कॉन्सिनमधून प्रतिनिधिगृहावर आरामात निवडून आले. दोन्ही जागा एकाच वेळी लढवायला तिथे परवानगी होती. मतदाराला त्यांचं वावडं नव्हतं, वरच्या नावाचं होतं.)

एक अपवाद मान्य करायलाच हवा. २००० मध्ये गोर यांच्या यादीत फ्लोरिडाचे सिनेटर बॉब ग्रॅहम होते. गोर यांनी कनेक्टिकटचे लीबरमन घेतले आणि फ्लोरिडा ५३७ मतांनी गेलं. ग्रॅहम असते तर ५३७ मतं निघालीच असती. पण फरक एवढा बारीक असेल तर त्या दिवशीच्या पावसानेही निकाल फिरतो.

ख्रिस्तोफर डिवाइन आणि काइल कॉप्को या दोन राज्यशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर बरंच काम केलं आहे. गृहराज्याचा फायदा सर्वसाधारणपणे नगण्य, असं ते सांगतात. जोडीदाराचा परिणाम होतो तो आडून. वरच्या उमेदवाराला माणूस पारखता येतो का, ठरवताना डोकं थंड ठेवता येतं का, याचा अंदाज मतदार या एका निवडीवरून बांधतात. मला हे पूर्ण पटतं. म्हणूनच “कोण किती मतं आणेल” या वादात मला रस नाही. निवड कशी झाली, किती दिवसांत झाली आणि कागदपत्रं कुणी तपासली, हे बघावं. कारण फसलेल्या जोड्यांची यादी काढली तर बहुतेक ठिकाणी एकच आजार सापडतो: घाई.

१९७२ बघा. डेमोक्रॅट मॅकगव्हर्न यांची उमेदवारी मायामी बीचच्या अधिवेशनापर्यंत पक्की नव्हती. कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधींवरून भांडण चाललं होतं आणि ते अधिवेशनाच्या पहिल्या रात्री मिटलं. तोवर उपाध्यक्षपदाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. उमेदवारी मिळाली बुधवारी रात्री, आणि जोडीदाराचं नाव द्यायची मुदत गुरुवारी दुपारी. टेड केनेडी नाही म्हणाले, मॉन्डेल नाही म्हणाले, रिबिकॉफ नाही म्हणाले. शेवटी मिझुरीचे सिनेटर टॉम ईगल्टन. त्यांची छाननी किती झाली? एक फोन. काही लपलेलं प्रकरण आहे का, एवढं विचारलं. ते नाही म्हणाले, विषय संपला. १९६० ते १९६६ या काळात ते नैराश्यासाठी तीनदा रुग्णालयात होते आणि त्यांना विजेचे झटके देण्याचे उपचार झाले होते, हे दोन आठवड्यांच्या आत बाहेर आलं. मॅकगव्हर्न आधी म्हणाले, मी हजार टक्के पाठीशी आहे. मग अठराव्या दिवशी ईगल्टन बाहेर. अधिवेशन संपल्यावर जागा रिकामी झाली तर ती पक्षाची राष्ट्रीय समिती भरते. तिने सार्जंट श्रायव्हर यांना उभं केलं. नोव्हेंबरमध्ये ४९ राज्यं गेली. ती ईगल्टनमुळे गेली असं मी म्हणणार नाही, निक्सन तसेही जिंकणारच होते. पण “हजार टक्के”वाला माणूस पंधरवड्यात शब्द फिरवतो, हे लोकांनी पाहिलं.

२००८ मध्ये मॅकेन यांना वेळ भरपूर होता, उमेदवारी मार्चमध्येच पक्की झाली होती. पण त्यांच्या मनात होते गोर यांचेच जुने जोडीदार लीबरमन. ते गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे, आणि त्यावरून पक्षाचे प्रतिनिधी अधिवेशनातच बंड करतील अशी चिन्हं दिसली. ते नाव सुटलं तेव्हा हातात थोडेच दिवस उरले होते. अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांची तपासणी त्या थोड्या दिवसांत उरकली आणि २९ ऑगस्टला डेटनमध्ये घोषणा झाली. छाननी करणाऱ्या वकिलानेच मॅकेनना आधी बजावलं होतं, की धोका मोठा आहे आणि फायदाही मोठा आहे. सुरुवातीला सभा फुलल्या. मग टीव्हीवरच्या मुलाखती झाल्या आणि सप्टेंबरच्या मध्याला लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. अर्थव्यवस्था कोसळत असताना लोक “हिला तयारी करायला किती दिवस लागतील” असं विचारू लागले.

नीट केलेलं काम बघायचं तर १९७६ चे कार्टर. उमेदवारी जूनमध्ये हातात आली. अधिवेशनापर्यंतच्या महिन्याभरात त्यांनी यादी केली, प्रश्नावल्या भरून घेतल्या, लोकांना जॉर्जियातल्या प्लेन्सच्या घरी बोलावून तासन् तास बोलले आणि मॉन्डेल निवडले. आजची पद्धत तिथूनच आली. ती साधारण अशी चालते. आधी पंधरा-वीस नावं, त्यांना न कळवता. भाषणं, मतदानाची नोंद, कोर्टातले दावे, जुनी वर्तमानपत्रं, सगळं सार्वजनिक कागदांवरून. त्यातून पाच-सहा उरतात. त्यांना विचारून मग आतली चौकशी सुरू होते: सत्तर-ऐंशी प्रश्न, अनेक वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं, वैद्यकीय कागद, नवऱ्याचा किंवा बायकोचा धंदा, मुलांची सोशल मीडिया खाती. घरी मुलं सांभाळायला बाई होती का आणि तिचा सोशल सिक्युरिटीचा कर भरला होता का, हेही विचारतात, कारण १९९३ मध्ये झोई बेअर्ड यांचं ॲटर्नी जनरलपद नेमकं त्यावर गेलं. मग वकिलांची समोरासमोर उलटतपासणी, आणि शेवटी दोन-तीन जणांची खुद्द उमेदवाराबरोबर भेट. यातली सगळ्यात जास्त वेळ खाणारी पायरी पहिली आहे, आणि घाईत तिच्यावरच कात्री चालते.

हॅरिसना मिळाले सोळा दिवस. बायडेन २१ जुलैला बाजूला झाले, ६ ऑगस्टला वॉल्झ जाहीर. ओहायोत नाव कळवायची मूळ मुदत ७ ऑगस्ट होती. तिथल्या विधिमंडळाने ती पुढे ढकलली होती, तरी कोर्टकचेरी नको म्हणून पक्षाने उमेदवारीचं ऑनलाइन मतदान ५ ऑगस्टलाच संपवलं. माजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्या चमूने काम केलं, शेवटच्या मुलाखती रविवारी ४ ऑगस्टला झाल्या. सोळा दिवसांच्या मानाने काम वाईट नव्हतं. तरी निसटायचं ते निसटलंच. १९८९ मध्ये चीनमधल्या तिएनआनमेन चौकातल्या दडपशाहीच्या वेळी आपण हाँगकाँगमध्ये होतो, असं वॉल्झ पूर्वी बोलून गेले होते. त्या वेळी ते नेब्रास्कात होते हे तिथल्याच जुन्या वर्तमानपत्रांवरून उघड झालं आणि १ ऑक्टोबरच्या वादसभेत त्यांना चुकून बोललो म्हणून कबूल करावं लागलं. अशा गोष्टी पहिल्या पायरीला सापडतात, पण त्यासाठी वाचनालयात बसायला माणूस आणि आठवडे लागतात. शपिरोवाल्यांनी भांडायचंच असेल तर या सोळा दिवसांवरून भांडावं. बायडेन यांनी माघार जुलैपर्यंत का ताणली, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर हॅरिसना द्यायचं नाही.

बाहेरच्यांना न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मागे रिकामी होणारी खुर्ची. सिनेटर उपाध्यक्ष झाला तर बहुतेक राज्यांत त्याच्या जागी गव्हर्नर माणूस नेमतो. २०१६ मध्ये एलिझाबेथ वॉरन यांचं नाव जोरात होतं, पण मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर रिपब्लिकन होते. ओहायोच्या शेरॉड ब्राउन यांची तीच अडचण. उलट ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर जे. डी. व्हान्स ट्रम्प यांचे उपाध्यक्ष म्हणून गेले तेव्हा तिथले गव्हर्नर माइक डिवाइन यांनी जॉन हस्टेड या आपल्याच पक्षाच्या माणसाला बसवलं, काडीचंही नुकसान नाही.

“दोघं एका राज्याचे चालत नाहीत” हे तर दर चार वर्षांनी ऐकू येतं. राज्यघटनेची बारावी दुरुस्ती एवढंच म्हणते, की निर्वाचकाने दोन मतांपैकी निदान एक परराज्यातल्या माणसाला द्यावं. त्यामुळे २०२४ मध्ये ट्रम्प यांनी सिनेटर मार्को रुबियो यांना घेतलं असतं आणि दोघंही फ्लोरिडाचे राहिले असते तर धोका फ्लोरिडाच्या ३० मतांपुरता होता. ३१२ मधून ३० वजा केली तरी रुबियोंना २८२. निकालानंतर हे सोपं वाटतं, आधी कुणी हा जुगार खेळत नाही. २००० मध्ये बुश टेक्सासचे, आणि त्यांचे जोडीदार डिक चेनीही टेक्सासमध्येच राहत होते. जाहीर होण्याच्या चार दिवस आधी त्यांनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश यांना मिळाली २७१. टेक्सासची ३२ चेनींच्या वाट्याला आली नसती तर ते २३९ वर अडकले असते आणि उपाध्यक्षाची निवड ५०-५० अशा सिनेटकडे गेली असती, अध्यक्षस्थानी तेव्हाचे उपाध्यक्ष गोर! नोंदणीचा एक कागद किती महाग असतो बघा.

रिपब्लिकन बाजूचा वाद वेगळा आहे. व्हान्स मतं खेचणारे नव्हतेच. २०२२ मध्ये ओहायोत ते सुमारे ६ टक्क्यांनी जिंकले, त्याच दिवशी त्याच राज्यात गव्हर्नर डिवाइन २५ टक्क्यांनी. ट्रम्प यांना तेव्हा मतांची चिंता नव्हती, त्यांनी वारसदार निवडला. २०१६ मध्ये पेन्स यांना घेताना चर्चवाल्या मतदारांना भरवसा द्यायचा होता. ६ जानेवारी २०२१ ला पेन्स यांनी निर्वाचकांच्या मतांची मोजणी अडवायला नकार दिला आणि त्यानंतर यादीतल्या प्रत्येकाला न छापलेला एक प्रश्न आला: तुम्ही काय केलं असतं? व्हान्स यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये टीव्हीवर सांगून टाकलं, की राज्यांकडून निर्वाचकांच्या पर्यायी याद्या मागवल्या असत्या. मला ही पात्रतेची कसोटी म्हणून घातक वाटते. २०२२ च्या कायद्याने उपाध्यक्षाचं ते काम निव्वळ औपचारिक असल्याचं स्पष्ट केलं, हे बरं झालं.

आपल्याकडे यावर बोलताना दोन गफलती होतात. एक, उपमुख्यमंत्र्याशी तुलना. ते पद आपल्या राज्यघटनेत नाही, सत्तेतला वाटा मोजायचं ते माप आहे. दुसरी, आपल्या उपराष्ट्रपतीशी. राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर उपराष्ट्रपती काही काळ काम बघतात आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक होते. १९६९ मध्ये गिरींच्या वेळी हेच झालं. अमेरिकेत उरलेली सगळी मुदत थेट उपाध्यक्षाची. आजवर नऊ जण असे वर गेले, आठ मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे. १९४४ च्या शिकागो अधिवेशनात पक्षाच्या मुखंडांना रूझवेल्ट यांची तब्येत दिसत होती. तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना हटवून ट्रुमन यांना आणण्यासाठी ते का झगडले, ते त्यांनाही ठाऊक होतं. पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते, दुसऱ्या फेरीत ट्रुमन. शपथेनंतर ८२ व्या दिवशी ते अध्यक्ष झाले.

आता २०२८ च्या जोड्या जुळवणं सुरू झालंय, आणि कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच म्हणून सांगतो: ट्रम्प यांनी उपाध्यक्षपदाला उभं राहून मागच्या दाराने यावं, ही युक्ती बाराव्या दुरुस्तीच्या शेवटच्या वाक्यावर अडते. जो अध्यक्षपदाला अपात्र, तो उपाध्यक्षपदालाही अपात्र. दोनदा निवडून आलेल्याला पुन्हा अध्यक्ष होऊ न देणारी बाविसावी दुरुस्ती फक्त “निवडून येण्या”ला बंदी घालते, असा कीस काही जण काढतात. पण तो कोर्टात टिकतो का ते कळेपर्यंत मतपत्रिका छापून झालेल्या असतील. परदेशातल्या सैनिकांना आणि नागरिकांना त्या मतदानाच्या ४५ दिवस आधी पाठवाव्याच लागतात.