पहिले तीन फटके

टेबल टेनिस ऑलिंपिकमध्ये आलं ते १९८८ ला, सोलमध्ये. तेव्हापासून पॅरिस २०२४ पर्यंत या खेळात ४२ सुवर्णपदकं दिली गेली, त्यातली ३७ चीनने नेली. उरलेली पाच कोणाची हे तोंडपाठ सांगता येतं. तीन दक्षिण कोरियाची: १९८८ ला पुरुष एकेरी आणि महिला दुहेरी, २००४ ला र्यू सुंग-मिनची पुरुष एकेरी. एक स्वीडनच्या वाल्डनरचं, १९९२ चं. आणि एक टोकियोत जपानच्या मिझुतानी-इतो जोडीचं मिश्र दुहेरीचं. संपली यादी.

हा आकडा निघाला की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: "त्यांची पोरं पाचव्या-सहाव्या वर्षापासून जुंपलेली असतात, आपल्याला ते जमणार नाही." यात खोटं काही नाही. क्रीडाशाळा, मग प्रांताचा संघ, मग राष्ट्रीय दुसरा संघ आणि शेवटी पहिला संघ अशी चाळणी तिथे आहे, आणि तिच्यातून बहुतेक मुलं गळतात. त्यांच्या वाट्याला आलेल्या कष्टांचं मला मुळीच कौतुक नाही. पण हे उत्तर देऊन आपण पुढचं बघायचंच सोडून देतो. ती मुलं त्या तासांमध्ये नेमकं काय करतात? माझं ठाम मत आहे की चीनचा खेळ पहिल्या तीन फटक्यांवर उभा आहे, आणि ते तीन फटके ज्यावर उभे आहेत त्या गोष्टी कोणत्याही सोसायटीच्या हॉलमध्ये आणता येतात. चिनी प्रशिक्षकांच्या तोंडी याला शब्दही आहे: 'छ्येन सान बान', म्हणजे अक्षरशः पुढचे तीन फटके: सर्व्हिस, समोरच्याचा परतावा आणि त्यावरचा आपला फटका.

आधी थोडा इतिहास, कारण त्याचं एक टोक मुंबईत आहे. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. तिथे जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंज लावलेली बॅट आणली आणि पुरुष एकेरी जिंकली. तोवर खेळ टकटक आवाजाचा होता. स्पंजने आवाज गिळला, आणि आवाजावरून फटक्याचा जोर ओळखणारे मोठमोठे खेळाडू गोंधळले. पुढच्याच वर्षी, १९५३ ला, बुखारेस्टमध्ये चीनचा संघ जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरला. १९५९ ला डॉर्टमुंडमध्ये रोंग क्वोथ्वानने पुरुष एकेरी जिंकली. तो कोणत्याही खेळातला चीनचा पहिला जगज्जेता. १९६१ ची स्पर्धा बीजिंगने भरवली आणि च्वांग त्सतोंग तिथून सलग तीनदा जिंकला: १९६१, १९६३, १९६५. मग सांस्कृतिक क्रांतीने सगळं उलथवलं. १९६७ आणि १९६९ च्या स्पर्धांना चीन गेलाच नाही, आणि रोंग क्वोथ्वानने १९६८ मध्ये, वयाच्या तिशीत, छळाला कंटाळून आत्महत्या केली. चिनी टेबल टेनिसबद्दल बोलताना हे नाव आदराने घ्यायला हवं.

१९७१ च्या नागोया स्पर्धेत अमेरिकन खेळाडू चिनी संघाच्या बसमध्ये चढला आणि पुढे 'पिंगपाँग डिप्लोमसी' झाली, म्हणजे या खेळातून चीन-अमेरिका संबंध सुधारायला लागले, ते बहुतेकांना माहीत असतं. मला त्याआधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९६१ च्या तयारीत जपानी खेळाडूंनी लूप, म्हणजे चेंडूला खालून वर घासून पुढची फिरकी देणारा नवा फटका, काढल्याचं कळलं, तेव्हा चिनी संघातल्या काही जणांनी स्वतःचा खेळ बाजूला ठेवून तो लूप शिकून घेतला, फक्त आपल्या मुख्य खेळाडूंना सराव मिळावा म्हणून. ही 'फेइल्येन'ची, म्हणजे सराव-जोडीदाराची पद्धत आजही चालू आहे. आपल्या क्लबात दोन चांगले खेळाडू एकमेकांना हरवण्यातच संध्याकाळ घालवतात. दुसऱ्याला हवा तो चेंडू देत बसायची कोणाची तयारी नसते.

आणि हो, हा खेळ तिथे फक्त संघांचा नाही. बागेत, शाळेच्या आवारात, वसाहतीच्या मोकळ्या जागेत सिमेंटची किंवा पत्र्याची टेबलं कायमची रोवलेली असतात. नेट लोखंडी असतं, नाहीतर विटांची रांग. जिंकणारा टेबलावर राहतो, हरणारा बाहेर. निवृत्त मंडळी तिथे रोज खेळतात, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात अजून पेनसारखी धरायची बॅट असते. चीनमध्ये बास्केटबॉल आणि बॅडमिंटनही भरपूर खेळतात, पण 'क्वोच्यो', राष्ट्राचा चेंडू, म्हणतात ते यालाच.

आता मुद्द्यावर. पहिला फटका सर्व्हिस. नियम साधा: उघड्या तळहातावरून चेंडू किमान १६ सेंटिमीटर सरळ वर, टेबलाच्या कडेमागून, आणि समोरच्याला पूर्ण वेळ दिसेल असा. चिनी मुलांच्या शॉर्ट सर्व्हिसचं माप असं की समोर सोडून दिली तर टेबलावर दोन टप्पे पडले पाहिजेत, आणि दुसरा टप्पा शेवटच्या रेषेच्या जितका जवळ तितका उत्तम. तो चेंडू समोरच्याला मनासारखा लूप करता येत नाही. यासाठी आपल्या बाजूचा पहिला टप्पा नेटच्या बाजूला हवा. लांब सर्व्हिसला उलट, पहिला टप्पा आपल्या कडेला चिकटून. बहुतेकांची शॉर्ट सर्व्हिस लांब जाते, कारण ते चेंडू उंचावर पकडतात. चेंडू जवळजवळ नेटच्या उंचीला उतरू द्या, बॅट सैल धरा (अंगठा आणि तर्जनी, बाकीची तीन बोटं सुटी), आणि चेंडूला ढकलू नका, खालून कापा. समोरच्या कडेला एक ए-फोर कागद ठेवून वीस सर्व्हिस करा आणि दुसरा टप्पा कितीदा कागदावर पडला ते लिहून ठेवा. दहाच्या खाली असाल तर फिरकी वाढवायची घाई नको, आधी जागा पक्की करा.

दुसरा फटका समोरच्याचा, आणि तो कुठे येईल हे तुमच्या सर्व्हिसवर ठरतं. मधोमध टाकलेल्या शॉर्ट बॅकस्पिनवर (उलट्या फिरकीच्या चेंडूवर) बहुतेक जण बॅकहँड कोपऱ्यात लांब पुश करतात, म्हणजे चेंडू खालून कापून परत ढकलतात. म्हणजे तिसरा फटका कुठून मारायचा हे सर्व्हिस करतानाच ठाऊक असतं. चिनी खेळाडू सर्व्हिस संपता संपता पाय हलवतो, आणि आपण बॅट फिरवून चेंडूकडे बघत उभे राहतो. सगळा फरक त्या अर्ध्या सेकंदात आहे.

पाय सुधारतात ते बादलीभर चेंडूंनी. 'त्वोच्यो', म्हणजे अनेक चेंडूंचा सराव. एक जण चेंडू देत राहतो, दुसरा मारतो, मध्ये चेंडू उचलायला थांबायचं नाही. शंभर ते दीडशे चेंडू लागतात, आणि ते सगळे एकाच कंपनीचे, ४०+ लिहिलेले हवेत. सरावाचे स्वस्त चालतील, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे मिसळू नका, टप्पा बदलतो. देणाऱ्याने समोरच्या कडेजवळ उभं राहायचं, बादली डाव्या हाताला, मूठभर चेंडू हातात. एकेक चेंडू टेबलावर हलकेच टप्पा देऊन मारायचा. बॅकस्पिन द्यायचा तर बॅट आडवी करून चेंडूच्या खालून.

सुरुवात एकाच जागी बॅकस्पिन देऊन, पन्नास चेंडू, दोनदा. त्यानंतर एक बॅकस्पिन, एक टॉपस्पिन (पुढच्या फिरकीचा) असं आलटून पालटून. आणि तिसरा प्रकार सर्वात मोलाचा, 'थ्वेइ-त्स-फू'. पहिला चेंडू बॅकहँड कोपऱ्यात, तो बॅकहँडने अडवायचा. दुसराही तिथेच, पण तो बाजूला सरकून फोरहँडने मारायचा. तिसरा एकदम फोरहँड कोपऱ्यात, त्यावर झेप घ्यायची. तीन चेंडूंची एक फेरी, अशा बारा फेऱ्या म्हणजे ३६ चेंडू. मग एक मिनिट विश्रांती. अशा पाच पाळ्या नीट झाल्या की मांड्या सांगतात.

यात बिघडतं ते बहुतेक वेळा देणाऱ्यामुळे. तो जोशात वेग वाढवतो आणि खेळणारा नुसत्या हाताने चेंडू झोडत सुटतो. दहातले तीनपेक्षा जास्त चुकले तर वेग कमी, नऊ बसायला लागले तरच जास्त. खेळणाऱ्याने प्रत्येक फटक्यानंतर बॅट छातीसमोर आणून गुडघे पुन्हा वाकवायचे. ते राहिलं तर पुढचा चेंडू उशिरा पकडला जातो, आणि आपल्याला वाटतं फटका चुकतोय, तो चुकलेला नसतोच. फोरहँड लूपला पाय खांद्यापेक्षा रुंद, उजवा थोडा मागे, वजन उजव्या पंज्याच्या आतल्या बाजूला. कंबर आधी फिरते, हात मागून येतो. डावा हात मेल्यासारखा लोंबत असेल तर कंबर फिरणार नाही, करून बघा.

आता बॅटवरचं रबर, कारण 'चायनीज रबर' या नावावर आपल्याकडे भरपूर पैसा वाया जातो. डबल हॅपिनेस या चिनी कंपनीचं हरिकेन ३ हे त्यातलं सर्वात गाजलेलं. वरचा थर चिकट, उलटं धरलं तर चेंडू क्षणभर लटकतो. खाली कडक स्पंज, चिनी मापात साधारण ३९ ते ४१ अंश. हे रबर स्वतःहून चेंडू फेकत नाही. युरोपीय-जपानी ताणलेल्या रबराला नुसता स्पर्श केला तरी चेंडू उडतो, इथे स्पंज दबेल इतका जोर पाय आणि कमरेतून यावा लागतो. जोर आला की फिरकी आणि चेंडूचं खाली कोसळणं दोन्ही मिळतं, नाही आला तर चेंडू नेटमध्ये. म्हणून आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याने दोन्ही बाजूंना हरिकेन लावणं मला चूक वाटतं. फोरहँडला लावा, बॅकहँडला मऊ रबर ठेवा. कितीतरी चिनी खेळाडूंचीही रचना अशीच असते.

चिकटवायची रीत: फळीवरचा, म्हणजे बॅटच्या लाकडावरचा, जुना गोंद बोटाने घासून काढा. पाण्याचा गोंद स्पंजवर पातळ, पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत वाळवा, मग दुसरा हात. फळीवर एकच. दोन्ही पूर्ण वाळल्यावर मुठीकडून सुरुवात करून काचेच्या बाटलीने लाटत जा. गोंद पांढरा असताना चिकटवलंत तर बुडबुडे येतात. लावताना रबर ताणलंत तर काही दिवसांत ते आकसतं आणि कडेची फळी उघडी पडते. स्पंज फुगवणारं बूस्टर तेल नियमात बसत नाही, आणि स्पंज, रबर, गोंद मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत लागते. खेळून झालं की ओल्या स्पंजने पुसा, वाळवा, प्लास्टिकची फिल्म लावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हीच रबरं निसटायला लागतात, कारण हवेतली ओल चिकट थरावर आणि चेंडूवर बसते. दर दोन-तीन गुणांनी कोरड्या फडक्याने चेंडू पुसा, बॅट बंद केसमध्ये ठेवा. घाईने रबर बदलू नका, ऑक्टोबरमध्ये ते परत धरतं.

दुसरी बॅट पहिलीसारखीच हवी, हे पॅरिसने सगळ्या जगाला दाखवलं. मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकल्यानंतर छायाचित्रकारांच्या गर्दीत वांग छूछिनच्या बॅटवर पाय पडला आणि ती मोडली. दुसऱ्या दिवशी राखीव बॅटने तो ट्रुल्स मोरेगार्डकडून एकेरीत हरला. नुसत्या बॅटमुळे हरला असं म्हणणं मोरेगार्डवर अन्याय होईल, तो पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला. पण राखीव बॅटची फळी एक-दोन ग्रॅमच्या फरकातली, रबर त्याच कडकपणाचं आणि महिन्यातले काही दिवस प्रत्यक्ष खेळलेली असावी, एवढं तरी आपण करू शकतो.

चिनी खेळाडू अजिंक्य नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत आपल्या ऐहिका मुखर्जीने सुन यिंगशाला आणि श्रीजा अकुलाने वांग यिदीला हरवलं. लढत भारत २-३ ने हरला, पण ते दोन सामने ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी जरूर शोधून पाहा, आणि पाहताना पहिल्या तीन फटक्यांवरच नजर ठेवा.

तर क्लबच्या वर्गणीतून या वर्षी काही घ्यायचं असेल तर नवीन टेबल किंवा रोबोट नंतर बघा. दीडशे चेंडू, एक बादली आणि चेंडू अडवायला टेबलामागे एक जुनी मच्छरदाणी घ्या. बादली रिकामी झाली की दोघांनी मिळून चेंडू गोळा करायचे आणि जागा बदलायच्या. आता मारणारा देईल, देणारा मारेल.